व्यक्ती क्रमांक तीन

पौडच्या स्टँडवर कोळवणची एसटी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. श्रावणातली सर अंगावर घेत मी तिच्यामागे धावले, तेवढ्यात शेजारी एक जीप थांबली.

"कोळवणलाच ना? बसा. पुढं बसा, मागं खताच्या गोण्या हायेत."

"कोळवण कसं ओळखलंत?"

"गाडीला नाव घेऊन हाका मारत व्हता की!"

मला हसू आलं. त्यानं टॉवेलनं सीट पुसली... मग पुन्हा एकदा पुसली. त्याचं नाव वाल्मीक.

"काय काम काढलं आमच्या गावात?"

"पीएचडी करतेय. भांडणं कशी मिटतात, यावर."

तो खदखदून हसला. "मग आमच्याच घरी या. चुलता नि आमी बारा वर्सं बोललो न्हाई."

आणि खरंच, मी तेच भांडण निवडलं. चुलते हैबतराव यांनी खाचरातली वाट बंद केली होती, म्हणून वाल्मीकचे वडील विठ्ठलराव भाताचे भारे लांबून वळसा घालून आणत. एका घरच्या लग्नाला दुसऱ्या घरचं कुणी जात नसे.

दर शनिवारी मी मारुंजीहून यायचे. दोन्ही घरी बसायचे, ऐकायचे, लिहायचे, एका भावाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचे. बांधावरून पाय घसरला की वाल्मीक हात पुढे करायचा — "धरा की, चावत न्हाई." दसऱ्यापर्यंत आम्ही 'तू' झालो होतो.

"तुझ्या पुस्तकात माझं नाव येनार?"

"नाव नसतं. तू 'व्यक्ती क्रमांक तीन'."

"तीन? पयला न्हाई करता येत?"

"ते... दुसऱ्या यादीत," मी म्हणाले, आणि दोघंही लाजलो.

पण माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं — मध्यस्थ एका घरात गुंतला की दुसरं घर उठून जातं. म्हणून मी वाल्मीकला म्हटलं, "दोघा भावांची बैठक होईपर्यंत आपलं कुणाला कळू देऊ नकोस." त्यानं नुसती मान हलवली.

कार्तिकात मारुतीच्या देवळात दोघे भाऊ एका सतरंजीवर बसले. वाट मोकळी करायचा कागद तयार होता. हैबतरावांनी पेन उचललं, आणि थांबले.

"बाई, खरं सांगा. तुमचं नि आमच्या पोराचं काय हाय का?"

चार महिन्यांची मेहनत त्या पेनाच्या टोकावर होती. वाल्मीक माझ्याकडे बघत होता... हसऱ्या डोळ्यांनी.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही. माझ्यासाठी ते अभ्यासातली एक व्यक्ती आहेत, बस्स."

हैबतरावांनी एकदा वाल्मीककडे पाहिलं. मग त्यांनी सही केली. भाऊ भावाच्या गळ्यात पडला. वाल्मीकनं सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या तळहातावर पेढा ठेवला — बोटाला बोट लागू न देता.

परतताना जीपमध्ये मीच बोलले. "मला तसं म्हणावंच लागलं रे."

"व्हय. भांडन मिटलं."

"मग असा का?"

"काकाला म्या सकाळीच समदं सांगितलं व्हतं," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "बारा वर्सांनी पयल्यांदा त्याच्या उंबऱ्यात गेलो. तो म्हनला, सही तर करतोच, पन पोरगी हो म्हनली तर सून म्हनून वटी बी भराया लावतो. तुला सांगितलं न्हाई... गंमत करायची व्हती."

'आमच्या पोराचं' म्हणाले होते हैबतराव. बारा वर्षांत पहिल्यांदा. शब्द ऐकणं हेच माझं काम, आणि तेवढाच शब्द मी ऐकला नव्हता.

"गाडी वळव. मी आत्ता सांगते त्यांना."

"गाडी वळंल. पन तू इचार करायला दम बी खाल्ला न्हाईस गं..."

त्यानं गाडी वळवली नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. ते म्हणायला हवं होतं. दहा वेळा म्हणायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मला डॉक्टरेट मिळाली. वैशाखात वाल्मीकचं लग्न झालं. आमंत्रण हैबतरावांनी स्वतः फोन करून दिलं. दोन्ही घरं एका मांडवात होती, बायका एकमेकींच्या लेकरांना भरवत होत्या.

वाल्मीकनं नवरीला माझी ओळख करून दिली. "ह्या ऋतिका मॅडम. ह्यांच्यामुळंच आमी एक झालो."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवून जवळ घेतलं. तो शेजारी उभा होता, अगदी हातभर अंतरावर... आणि मला त्याच्याकडे बघता येईना.