सगळ्यात सुरक्षित अॅप

झेरॉक्सवाल्यानं आमची पानं एकत्र केली नसती, तर पुढचं काही झालंच नसतं. उस्मानपुऱ्यातलं दुकान, बाहेर चार दिवसांच्या पावसाची चिकचिक, आणि माझ्या प्रोजेक्टमध्ये कुणाची तरी बारा पानं घुसलेली. विषयही तोच... मेसेजिंग अॅपमधली गोपनीयता. मी चिडून वळले, तर मागं एक मुलगा माझीच पानं वाचत उभा.

"टेलिग्रामचं चुकलंय तुमचं," तो म्हणाला. ना ओळख ना पाळख.

"काय चुकलंय?"

"पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाही, असं लिहिलंय. ते फक्त सिक्रेट चॅटचं. तेही आपण मुद्दाम उघडलं तर."

"आणि व्हॉट्सअॅप?"

"तिथं मजकुराला आपोआप कुलूप. पण कोण कुणाशी कधी बोललं, एवढं कंपनीला कळू शकतं. सिग्नलकडं तेही फारसं नसतं."

"लई शहाणा दिसायलास."

तो मान खाली घालून हसला. ते हसणं मला तिथंच आवडलं, खोटं कशाला बोलू.

तो श्रीनिवास जोशी, गारखेड्याचा. मी करुणा साळवे. त्याच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण, माझ्या घरी पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब. आडनाव ऐकलं की बाकीचं आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

प्रेमात पडलेली माणसं बागेत जातात. आम्ही सेटिंगमध्ये गेलो. सिग्नल घेतलं. स्क्रीनवर मजकूर दिसणं बंद केलं. प्रत्येक निरोप एका दिवसात पुसला जाईल असं केलं. "आज हिरवी ओढणी होती ना... लेक्चर काही कळलं नाही," असं तो लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी ते नसायचं. मला फार वाईट वाटायचं.

"एखादा तरी ठेवू दे ना, श्री."

"जपून ठेवलेलंच सापडतं, करुणा."

फोनमध्ये मी त्याला 'संस्कृती' केलं होतं, मैत्रिणीचं नाव वाटावं म्हणून. त्यानं मला 'गॅस एजन्सी'.

"निदान फुलवाली तरी करायचंस —"

"गॅस एजन्सीवर कोण संशय घेतं?"

खरंच कुणी घेतला नाही. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या आईच्या चकलीचा घाणा अर्ध्यात असताना सिलेंडर संपलं. श्री आंघोळीला गेलेला, फोन ओट्यावर. घरात सगळ्यांनाच त्याच्या फोनच्या कुलपाचा पॅटर्न पाठ. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, 'गॅस एजन्सी' शोधलं आणि फोन लावला.

मी 'संस्कृती' बघून उचलला. "बोल ना... आज एवढ्या सकाळी आठवण?"

"कोण बोलतंय?" बाईचा आवाज. "एजन्सी ना ही?"

तिकडं बाथरूमचं दार वाजलं, काकूंनी विचारलं, "श्रीनिवास, ही कोण मुलगी आहे रे?"

फोन चालूच होता. वाटलं, आता माझं नाव सांगेल.

"कुणी नाही गं आई. राँग नंबर असेल."

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या पार्किंगमध्ये वाट बघत होता. रात्रभर झोपला नसावा. मला त्याची कीव आली आणि त्याचाच राग आला.

"एक नवं अॅप आहे," तो म्हणाला. "त्यात नंबरच लागत नाही. मग कुणी चुकूनही —"

"आपले निरोप कुणी वाचले का, श्री?"

"नाही."

"तुझ्या आईनं एक ओळ तरी पाहिली?"

"नाही."

"त्यांनी फक्त विचारलं, कोण आहे. उत्तर तू दिलंस."

त्यानं माझ्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला. "ताईचं लग्न होऊ दे... मग सांगतो."

"नक्की सांगशील?"

तो हँडलकडंच बघत राहिला. मी बराच वेळ थांबले, खरंच थांबले. मग त्याचा हात हळूच बाजूला केला. माझं त्याच्यावर तेव्हाही तितकंच प्रेम होतं, आणि ते मी त्याला सांगितलंही.

घरी आई मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले, एक जुडी ओढून घेतली.

"आई... एक मुलगा होता."

तिचे हात थांबले. "व्हता? आता नाय?"

"नाय."

डोळे पुसायला पदर तिनंच पुढं केला.

"नाव काय त्याचं?"

"श्रीनिवास जोशी."

पुढच्या खोलीत बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी नाव पुन्हा एकदा सांगितलं, त्यांनाही नीट ऐकू जाईल असं.