पलीकडचे दोन कोपरे

काम तसं काहीच नव्हतं. ब्रिन्डीच्या डोंगरावरच्या घरातून मेरेरिद आणि तिच्या नऊ गोधड्या व्हॅनमध्ये घालायच्या आणि खाली लॅम्पिटरला तिच्या खोल्यांवर पोचवायच्या. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, चौदा तारीख, शुक्रवार. पाऊस नाही, वारा नाही. आपल्याकडे नोव्हेंबरात असा दिवस मिळतो का? म्हणून तर तारीख लक्षात राहिली.

"इफोरकाका, नऊ गोधड्यांसाठी व्हॅन?"

लोरी, तू त्या उचलल्या नाहीस म्हणून विचारतेस. आपल्या जुन्या बायका गोधडीच्या पोटात काय काय भरायच्या! फाटकी ब्लँकेटं, मेंढीची लोकर, कधी त्याहून जुनी अख्खी गोधडी. एकेक गोधडी म्हणजे ओलं कोकरू उचलल्यासारखं वाटतं.

तर मेरेरिद. शाळेत स्वयंपाक करते ती. तुम्ही सगळे तिच्या हातचं खाऊन मोठे झालात. पन्नाशीची, ठाम बाई. उगाच काही बोलणारी नव्हे. म्हणून हे मी तुम्हाला सांगतोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

तिची आई, मॉर्विद, एप्रिलमध्ये गेली. घर भाड्याचं, मालकाला नाताळच्या आत रिकामं हवं होतं. सामान तिच्या भावाने, इद्वलने, आधीच हलवलं होतं. राहिला होता आईचा पलंग आणि पेटीभर गोधड्या. इद्वलने दुपारीच फोन केला होता.

"दोन ठेव, बाकी वाटून टाक. सोपं आहे."

"सोपं आहे तर ये ना इथे, बस माझ्याबरोबर."

"मला शिंका येतात त्यांनी."

"तुला कामाच्या नावानेच शिंका येतात, इद्वल. लहानपणापासून."

तिच्या खोल्यांमध्ये कपाट एकच. दोन गोधड्या मावतील, तिसरी नाही. मग तिने आईच्या पलंगावर ठेवायच्यांचा ढीग केला आणि जमिनीवर चादर पसरून तिच्यावर द्यायच्यांचा. आईच्या लग्नातली लाल गोधडी पलंगावर गेली, त्यात विचार करण्यासारखं नव्हतं. बाळाची छोटी इद्वलच्या नातीला. कारमार्थेनच्या एक बाई जुन्या गोधड्या जमवतात, त्यांना तीन. तिथे तिचा हात अडखळला. त्यातल्या एकीत तिच्या वडिलांच्या विजारीचा गुडघा होता. गुडघाच, ओळखू येणारा, घासून गुळगुळीत झालेला. ती म्हणाली, "इफोर, मी अर्धा तास त्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. बाप गेला तेव्हा एवढी रडले नव्हते." तरी दिली. आजीची, शिंप्याकडच्या नमुन्याच्या तुकड्यांची गोधडी पलंगावर ठेवली, मग खाली ठेवली, मग परत वर. दोन दवाखान्याच्या मदतीसाठी जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला.

आणि उरली नववी.

राखाडी. जाड, कुरूप, कडेचा दोरा सुटलेली. ती बेतीची. बेती म्हणजे मॉर्विदची थोरली बहीण, मेरेरिदची मावशी. मेरेरिदच्या जन्माआधीच गेलेली. बापाच्या जुन्या ओव्हरकोटांची गोधडी तिने स्वतः शिवली होती, सतरा वर्षांची असताना. ती कधी कुणाच्या पलंगावर घातली गेली नाही आणि कधी टाकलीही नाही. पेटीच्या तळाशी पडून होती.

आईने जाण्याच्या आठवड्यात मेरेरिदला सांगितलं होतं, "राखाडी कुणाला देऊ नकोस."

"बरं, आई. मी ठेवते."

"ठेवूही नकोस."

"मग काय करू?"

तेव्हा मॉर्विदने सांगितलं. बासष्ट वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. त्रेसष्टचा हिवाळा. आमच्या वडीलमंडळींनी तो पाहिलेला. खिडकीच्या वरपर्यंत बर्फ, रस्ता नाही, कोळसा संपलेला. बेतीच्या छातीत कफ झाला होता, डॉक्टर वर येऊ शकत नव्हता. दोघी बहिणी एका पलंगावर, एका गोधडीत. मॉर्विद चौदा वर्षांची.

"मला थंडी वाजत होती, बाळा. मी ओढून घेतली. ती म्हणाली, मॉर्वी, थोडी दे. मी झोपेचं सोंग घेतलं. तिने ओढली, मी पुन्हा ओढली. मग तिने ओढायचं सोडलं..."

मॉर्विद भिंतीकडे तोंड करून झोपली. मंगळवारी गेली.

आता मला सांगा, देऊही नको, ठेवूही नको अशा वस्तूचं माणसाने करायचं काय? मेरेरिद थकली होती. बाहेर काळोख झाला होता, पावणेपाच वाजलेले. मी पाचला येणार होतो. ती स्वतःशीच म्हणाली, आजारी बाईचं बोलणं ते. लानिबिद्दरच्या पुढे एक कुत्र्यांचं अनाथालय आहे, तिथे जुनी पांघरुणं घेतात. कुत्र्यांना तरी ऊब मिळेल.

असं म्हणून तिने राखाडी गोधडी घडी घालायला उचलली.

दिवा चालू होता. हे ती दोनदा सांगते. दिवा चालू होता, वीज गेली नव्हती, जिन्यातलाही दिवा जळत होता. असल्या गोष्टींत दिवा विझतो. इथे नाही विझला.

मोठ्या गोधडीची घडी एकटीला जमत नाही. बायकांना विचारा. हात कितीही ताणले तरी खालचा भाग जमिनीवर लोळतो. तिने वरचे दोन कोपरे दोन हातांत धरले, हात फाकवले. गोधडी तिच्या पुढ्यात लोंबली. ती हनुवटीखाली दाबून धरणार, तेवढ्यात...

हलकी झाली.

तिला वाटलं, कशात तरी अडकली. खाली पाहिलं. खालची कड जमिनीवर नव्हती. वर येत होती. सावकाश. आली, आली, आणि तिच्या हातांच्या उंचीला येऊन थांबली. गोधडी तिच्यापुढे आडवी, सपाट. ताणलेली.

पलीकडे कुणी नव्हतं.

पलीकडचे दोन कोपरे हवेत होते. मुठीत धरल्यासारखे चुरगळलेले.

"ओरडली नाही ती?" स्टेफन, आता तुझ्या मनात हेच आलं, हो ना? मीही विचारलं. ती म्हणाली, "ओरडायला तोंड उघडलं होतं. पण हात घडी घालायला लागले होते."

सवय. आईबरोबर आयुष्यभर घातलेल्या घड्या. तिचे दोन्ही हात आपोआप जवळ आले. कोपऱ्याला कोपरा.

पलीकडचेही दोन कोपरे जवळ आले.

एकदम. बरोबरीने.

मग पुढची पायरी. एकीने चालत दुसरीकडे जायचं. मेरेरिदचे पाय हलेनात. ती उभीच.

फळी वाजली.

पलीकडची कड एक पाऊल पुढे आली.

पुन्हा फळी.

आणखी एक पाऊल.

थंडी आली. तोंडावर. कुणी जवळून श्वास सोडावा तशी... तिने खाली पाहिलं. फळ्याच. पाय नाहीत.

हातभर अंतरावर ती कड थांबली. आता तिने आपले कोपरे मेरेरिदच्या हातात द्यायचे. घडी तशीच पूर्ण होते.

दिले नाहीत.

आणि मग एक ओढ. जोराची नाही. झोपेत माणूस ओढतं तेवढी.

मेरेरिदच्या मुठी आवळल्या. ती म्हणते, "मी काही ठरवलं नव्हतं, इफोर. आपली वस्तू कुणी ओढली की माणूस ओढतंच." तिने ओढलं. पलीकडून पुन्हा ओढलं गेलं. तिने पुन्हा ओढलं.

मग पलीकडची ओढ थांबली.

थांबली...

आणि तेव्हा तिला कळलं, आपण काय करतोय.

"बेतीमावशी," ती म्हणाली. "घे. सगळी घे."

तिने हात सोडले.

गोधडी पडली नाही.

हवेत राहिली. तिची बाजू खाली लोंबली, पलीकडची तशीच धरलेली. किती वेळ, तिला सांगता येत नाही. मग ती हळूच पुढे आली आणि तिच्या दोन्ही हातांवर ठेवली गेली. घडी पूर्ण करून. तिच्या बोटांना बोटं लागली. इतकंच ती सांगते. कशी होती, ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी सहाला पोचलो. चूक माझीच, खाली चिप्स खात बसलो होतो. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, मांडीवर राखाडी गोधडी.

"उशीर झाला ग. बाकीच्या वर आहेत का?"

"तू आण. मी वर येत नाही."

मी वर गेलो. नेहमीची खोली, दिवा चालू. सगळ्या उतरवून आणल्या. तिच्या मांडीवरचीला हात लावणार, तर तिने माझा हात धरला. "ही माझ्याजवळ राहू दे." व्हॅनमध्ये हीटर लावला, आणि लॅम्पिटरचे दिवे दिसेपर्यंत तिने हे सगळं सांगितलं. असंच, सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

त्या रात्री तिने वाटणी बदलली. कपाटात जागा दोन गोधड्यांची होती, तिने फक्त राखाडी ठेवली. आजीची आणि आईची लालसुद्धा इद्वलला देऊन टाकल्या. तीही ती कपाटात ठेवत नाही. रोज पलंगावर पसरते. अर्ध्या भागाखाली आपण झोपते, अर्धी रिकाम्या बाजूला. मी एकदा म्हटलं, "मेरेरिद, आई म्हणाली होती ना, ठेवू नकोस?"

"आईने ओढून घेतली होती. मला दिली गेली."

"मग आता बरं वाटतं?"

"झोपताना मी दोन स्वेटर घालते," ती एवढंच म्हणाली.



जानेवारीत मी तिच्याकडे एक खुर्ची पोचवायला गेलो. सकाळचे दहा. परसात दोरीवर तिने कपडे वाळत घातले होते. एप्रन, टॉवेल, मोजे. सगळे सरळ खाली लोंबत होते, पान हलत नव्हतं, शेजारच्यांच्या धुराड्यातला धूर काठीसारखा उभा होता.

राखाडी गोधडी त्याच दोरीवर होती. वरची कड चिमट्यांनी लावलेली.

ती लोंबत नव्हती. दोरीपासून परसाच्या टोकाकडे तिरकी, ताठ पसरली होती. खालचे दोन कोपरे हवेत, मुठीत धरल्यासारखे चुरगळलेले.