नऊ नंबरचा माग

रविवारी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जायचं हजेरी कारकून सिद्धेश्वरीच्या जिवावर आलं होतं, पण सुपरवायझर सोमशेखरचा हुकूम होता. सोमवारी सरकारी तपासणी. त्याआधी हजेरीपटात चन्नप्पाच्या नावापुढं सहा वेळा ‘बदली सुट्टी दिली’ असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. दहा मिनिटांचं काम. नाही केलं तर मंगळवारपासून येऊ नका, हेही त्यानं गोड आवाजात सांगितलं होतं.

चन्नप्पा म्हणजे नऊ नंबरच्या मागावरचा विणकर, अक्कलकोटकडचा. टॉवेलची मोठी ऑर्डर आली तेव्हा त्याला ओळीनं सहा रविवार राबवलं. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची, हा कायदा सिद्धेश्वरीला तोंडपाठ. तो दर शनिवारी तिच्या खिडकीशी येऊन विचारायचा, “अक्का, माझी सुट्टी कवा?” आणि ही मान वर न करता म्हणायची, “पुढच्या आठवड्यात नक्की.” सातव्या रविवारी तो मागाशेजारी टेकला, तो उठलाच नाही.

भर दुपार होती. मेन स्विच खाली पाडलेला, पंखेसुद्धा बंद. तापल्या पत्र्याखाली सुताचा आणि तेलाचा कोंदट वास. सुट्टीला जाताना प्रत्येक विणकर आपल्या मागावर जुनी चादर पांघरून जातो, ही इथली रीत. सगळी शेड निजल्यासारखी दिसत होती. फक्त नऊ नंबर उघडा. चन्नप्पा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

तिनं पहिल्या चौकटीत लिहिलं, ‘दिली’.

खट्...

तिनं कान टवकारले. काही नाही. दुसऱ्या चौकटीत पेन टेकलं आणि खटक-खटक, खटक-खटक... नऊ नंबर चालू झाला. वीज नसताना. त्या खडखडाटातून, अगदी खिडकीपाशी, दमलेला आवाज आला, “अक्का... माझी सुट्टी...”

पेन टाकून ती उठली. ती दारापर्यंत पोचलीही, पण तिथंच थांबली. सहा शनिवार आपण या माणसाकडं मान वर करून बघितलं नाही, याची तिला लाज वाटली. नोकरी गेली तर गेली.

“थांब रे चन्नप्पा,” ती म्हणाली, “आज खोटं लिहीत न्हाई.”

‘दिली’ खोडून तिनं ठळक लिहिलं, ‘दिली नाही’. सहाही चौकटींत. सही केली तेव्हा माग थांबला होता.

कपाटातली चादर तिनं नऊ नंबरवर घातली, चारी बाजूंनी खोचली. लोखंड अजून कोमट होतं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. बार्शीहून, घरून सोमशेखर बोलत होता. “लिव्हलं काय, बाई?”

“लिहिलं, साहेब. खरं तेच. एकबी सुट्टी दिली न्हाई म्हणून.”

“डोकं फिरलंय काय तुमचं? आन् तो माग कुणी चालवलाय? बंद करा की आधी!”

तिनं वळून बघितलं. चादर जशीच्या तशी होती. “माग बंद हाय, साहेब.”

मग तिलाही ऐकू आलं. खटक-खटक... फोनमधून. त्याच्याकडून.

“बाई...” सोमशेखरचा आवाज चिरका झाला. “हितं दाराशी कोण तरी हाय... सुट्टी कवा म्हणून इचारतंय.”

सिद्धेश्वरीनं हजेरीपट छातीशी धरला. “साहेब, पुढच्या आठवड्यात म्हणू नका. काय वाटेल ते सांगा, तेवढं म्हणू नका.”

“म्हनलो की मी... आत्ताच...”

खटक-खटक आवाज फोनच्या अगदी जवळ आला, आणि थांबला.