चुकीची घळ

अंधार पडायच्या आत एमेट लिंडक्विस्टला शोधायचं, एवढंच आमचं काम होतं. एकाहत्तर वर्षांचा हा माणूस सकाळी आपल्या दोन आसनी विमानातून एकटाच निघाला आणि आयडाहोच्या डोंगरांत कुठेतरी कोसळला. तो जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. विमान पडलं की आपोआप रेडिओ संकेत पाठवणारं संकटयंत्र मात्र अजून ओरडत होतं.

आम्ही तिघं होतो. म्होरक्या डेल ऑस्ट्रँडर, तीस वर्षं रस्त्यांवरचा बर्फ हटवून निवृत्त झालेला. टेसा, जनावरांच्या दवाखान्यातली. आणि मी, अजून शिकाऊ असलेली. या हवाई शोधपथकात सगळेच बिनपगारी. माझे वडील वॉल्ट हॅस्केल त्यात बावीस वर्षं होते. ते गेल्यावर डेल पथकाचा, असे संकेत पकडणारा रिसीव्हर परत न्यायला घरी आले होते. मी तो दिला नाही. भरतीचा अर्ज मागितला. त्याला आता सात महिने झाले होते.

रिसीव्हर छातीशी धरायचा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायचं. आवाज सर्वांत क्षीण होईल तिथे थांबायचं. आपलं शरीर मध्ये आलेलं असतं, म्हणजे यंत्र आपल्या पाठीमागे. पथकात पहिल्याच दिवशी हे शिकवतात. पण घळीच्या तोंडाशी आवाज इतका दणदणीत झाला की डेलनी गोल फिरण्याचे कष्टच घेतले नाहीत. सरळ आत शिरले. आम्ही त्यांच्या मागे.

घळ अरुंद होत गेली. दोन्हीकडचे काळे कडे जवळ आले, आभाळाची नुसती पट्टी उरली, आणि पाऊण तासाने समोरही कडाच उभा राहिला. विमान नव्हतं. मी रिसीव्हर घेऊन गोल फिरून पाहिलं. आवाज चारही दिशांना सारखाच!

डेलनी रिसीव्हर घेऊन स्वतः एकदा फिरून पाहिलं. मग एवढंच म्हणाले, की आवाज कड्यांवर आपटून येतोय, आपण प्रतिध्वनीच्या मागे आलो.

आम्ही परत फिरलो. तेवढ्यात वर काहीतरी तडकलं. टेसाने मला ओढलं. दगड आले. धूळ. पुन्हा दगड. सगळं थांबलं तेव्हा बाहेरची वाट बुजली होती, आणि डेलचा डावा पाय गुडघ्यापासून खाली एका धोंड्याखाली अडकला होता.

आम्ही काठ्या घालून धोंडा हलवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. रेडिओवर नुसती खरखर. डोक्यावर विमान आलं तरच त्या कड्यांमधून बोलणं पोचणार होतं.

"गाय असती तर एक इंजेक्शन देऊन मोकळी झाले असते," टेसा पाय तपासत म्हणाली.

"कसलं इंजेक्शन, ते सांगू नकोस," डेल म्हणाले.

थंडी वाढत होती. डेलची बोटं निळसर दिसायला लागली. मी रिसीव्हर घेऊन दगडांच्या ढिगावर चढले. पायाखालचा प्रत्येक दगड डुगडुगत होता. वर उजवा कडा ठेंगणा होता, वारा लागत होता. तिथे मी गोल फिरले. एकदा. दोनदा. पश्चिमेला तोंड केलं की आवाज जवळजवळ नाहीसा व्हायचा. म्हणजे लिंडक्विस्ट पूर्वेला, कड्यापलीकडच्या खोऱ्यात!

खाली येऊन सांगितलं. 

चारच्या सुमारास आमच्या पथकाचं शोधविमान डोक्यावर आलं. पथकातली वैमानिक रूथ ते चालवत होती. डेलनी तिला काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, हेलिकॉप्टर एकच आहे. उजेड आहे तोवर एक फेरी नक्की, दुसरीचं सांगता येत नाही. "मी इथेच घिरट्या घालून त्याला तुमच्यावर आणू का?"

शिकाऊ माणसाने रेडिओवर बोलायचं नसतं. डेलनी रेडिओ माझ्या हातात दिला.

"माझी दिशा चुकली. तुझी बरोबर आहे. तूच सांग."

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं.

"तुमचं काय?"

"आपण सापडलोय. तो नाही."

मी टेसाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बोल लवकर, ती पुढे जाईल."

मी रूथला पूर्वेकडची दिशा सांगितली. आधी त्याला शोध, म्हटलं. विमान कड्याआड गेलं. रेडिओ पुन्हा खरखरायला लागला.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. डेलच्या दोन्ही बाजूंना आम्ही चिकटून बसलो, एक पांघरूण तिघांवर. टेसा त्यांना झोपू देत नव्हती. बोला म्हणायची, काहीही बोला.

"वॉल्टने एकदा आम्हाला आख्खा दिवस भलत्याच घळीत फिरवलं होतं," डेल म्हणाले. "यंत्र एका शेतकऱ्याच्या कोठारात निघालं. घरी बोलला नसेल."

"नाही."

"कसा बोलेल? त्याने सगळ्यांना शपथ घातली होती."

सात महिन्यांत वडिलांविषयी मला कळलेली ही पहिलीच नवी गोष्ट होती. मी कोठाराचा रंग विचारला. किती माणसं होती ते विचारलं. वडील काय म्हणाले, ते दोनदा सांगायला लावलं.

आभाळाची पट्टी राखाडी झाली. आणि मग हेलिकॉप्टर ऐकू आलं!

दोरावरून उतरलेल्या माणसाने जॅक लावून धोंडा उचलला. एकेकाला वर ओढून घेतलं. आत स्ट्रेचरवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा होता, कपाळाला पट्टी, कंबर जखडलेली. त्याने आमच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग डेलच्या पायाकडे.

"तुमचं विमान कुठे पडलं?" त्याने विचारलं.

डेलनी डोळे मिटून घेतले. "आम्ही चालत आलो होतो," ते म्हणाले. "तुम्हाला शोधायला."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला, आणि सरकून डेलसाठी जागा करायचा प्रयत्न केला.