लेखकाने गप्प बसायचं

लोहगडवाडीत ऑगस्टमधल्या त्या रविवारी धुकं इतकं खाली उतरलं होतं, की गड बघून येणारी माणसं नंदाबाईंच्या टपरीला जवळजवळ धडकूनच चहा मागत होती. त्या धुक्यातून एक उंच मुलगा आला. निळा रेनकोट, चष्म्याच्या काचांवर वाफ. बाकावर बसला, चहा सांगितला, खिशातून कागद काढले आणि खाली मान घालून लिहायला लागला.

नंदाबाईंचा झारा कढईवरच थांबला. रस्त्याकडेच्या टपऱ्या हलवणार, अशी कुजबूज वाडीत आठवडाभर चालू होती.

"काय लिवताय साहेब?"

"काही नाही... तुमचं चालू द्या, मावशी."

"चालू द्या कसं? आमी हितं लय वर्सं हाये. कुणाला अडचन न्हाई आमची." आणि न मागता त्यांनी कांदाभज्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. "खावा आदी. मंग काय लिवायचं त्ये लिवा."

मुलाने तेही लिहून घेतलं.

आत, पत्र्याच्या आडोशाला, डोक्याला ओढणी गुंडाळून कांदा चिरणारी त्यांची मुलगी राजेश्वरी हसू दाबत होती. हे साहेब कोण, ते तिला पक्कं माहीत होतं. लोणावळ्याच्या कॉलेजात, इंग्रजी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, तिच्याच वर्गातला प्रज्ञेश. तो पहिल्या बाकावर, आणि ती जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजातून आलेली, म्हणून शेवटच्या. त्याला तिचं तोंडही ठाऊक नव्हतं. सर्जनशील लेखन शिकवणाऱ्या यशोधरा मॅडमनी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं: कुठेतरी बसा, लोक बोलतात तसं टिपून आणा आणि त्यातून इंग्रजीत एक पान लिहा.

तिने आईला सांगितलं नाही. त्याला हाकही मारली नाही.

"का गं?" नंतर तिने हे सगळं मला, तिच्या मावशीला, सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"मावशी, घाबरत घाबरत भजी खाताना तो फार... बरा दिसत होता."

राजेश्वरी आठवडाभर माझ्याकडे लोणावळ्यात, तुंगार्लीला राहायची. पावसात वाडीहून सकाळचा तास गाठणं कठीण, आणि माझ्या घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त. संध्याकाळी तळ्यावरून गार वारा आला, की ती ओसरीत पाय दुमडून बसायची आणि वर्गातलं सगळं मला सांगायची. मला ऐकायला आवडायचं. आमच्या काळी तीन वर्षांच्या कॉलेजात माझ्याशी एक मुलगा एकदाच बोलला होता. "खिडकी लावू का?" एवढंच. त्याचा आवाज मला अजून ओळखता येईल.

यशोधरा मॅडमच्या तासाचा एक नियम होता. ज्याचं लेखन वाचायचं, त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी तो खोलीत नाहीच असं समजून बोलायचं. शेवटी लेखकाला एकच प्रश्न विचारायची मुभा.

प्रज्ञेशचं पान वाचलं गेलं. इंग्रजी अगदी सफाईदार. धूर, धुकं आणि चुलीमागे दुःखाने डोळे भरलेली एक गरीब म्हातारी. वर्गाने माना डोलावल्या. मग मागून राजेश्वरी बोलली.

"ही बाई म्हातारी नाही. तिचे डोळे भरलेत, कारण लाकडं ओली आहेत. ती दुःखी नाही, लेखकावर पाळत ठेवून आहे. टपरी उठवायला आलेला साहेब वाटला तिला. आणि ती भजी म्हणजे माया नव्हे. लाच आहे."

वर्ग हसला. प्रज्ञेशने तोंड उघडलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

"पण शेवटचं वाक्य खरं आहे," राजेश्वरी जरा हळू म्हणाली. "आत कांदा चिरणाऱ्या मुलीचे खांदे हलत होते, पण ती रडत नव्हती... तेवढं त्याने नीट पाहिलंय."

प्रज्ञेश वळला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"लेखकाचा प्रश्न?" मॅडमनी विचारलं.

"ती मुलगी... का हसत होती?"

"ते पुढच्या खर्ड्यात कळेल," राजेश्वरी म्हणाली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा वाडीत हजर.

"मावशी, मी साहेब नाही. राजेश्वरीच्या वर्गात आहे."

"आन् मंग साहेब म्हनू दिलंस व्हय रं?" नंदाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "लय शाना हाईस. भजी पचली का? ऊठ, त्यो हंडा भरून आन."

हंडा आणल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाचा तू?"

"वळवणला राहतो. राजेंद्रभाऊंचा, रेल्वेत आहेत ते."

नंदाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

प्रज्ञेशचं घर बौद्ध, यांचं शेतकरी मराठ्याचं. आमच्याकडे जात कुणी थेट विचारत नाही. "कुणाचा तू" असंच विचारतात. त्या "बरं"चा अर्थ लावण्यात दोघांचं अख्खं वर्ष गेलं.

वर्ष मात्र सुंदर गेलं. दर रविवारी प्रज्ञेश टपरीवर पाणी भरायचा, गिऱ्हाइकांना चहा द्यायचा, बाकावर बसून भजी खायचा. आठवड्यात माझ्या ओसरीत दोघांची वादावादी.

"तुझ्या आई म्हणतात तसं 'लय शाना हाईस', ते इंग्रजीत कसं लिहायचं?"

"इंग्रजीत त्याला प्रज्ञेश म्हणतात."

"मावशी, बघा ही कशी बोलते."

"मी खोलीत नाहीये," मी म्हणायचे. "तुमचाच नियम."

एकाच पानावर दोघांची डोकी वाकलेली. त्याचं पेन संपलं की ती आपलं पुढे करायची... आणि बोटं जरा जास्त वेळ तिथेच राहायची. मी चष्मा पुसत बसायचे.

एप्रिलच्या शेवटी त्याला हैदराबादला एम.ए.ला प्रवेश मिळाला. तिने हसून अभिनंदन केलं, खोलीत गेली, आणि त्या रात्री जेवताना वर्गातली एकही गोष्ट सांगितली नाही. कुणीच काही बोललं नव्हतं. जुलैत तो जाणार, आणि न बोललेलं तसंच राहून जाणार... मला ते ओळखीचं होतं.

परीक्षा संपली, त्यानंतरच्या रविवारी ती वाडीहून थेट माझ्याकडे सामान न्यायला आली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, करवंदांनी भरलेला. मागोमाग प्रज्ञेश. मी आत गेले, पण खिडकी लावली नाही. या वयात माणसाने थोडं ऐकावं.

"एक खर्डा वाचायचाय," तो म्हणाला.

"कागद कुठे?"

"नाहीये. तोंडीच आहे." त्याने घसा साफ केला. "एक मुलगा असतो. तो दर रविवारी हंडे भरतो. त्याला हंडे आवडत नाहीत. त्याला हैदराबादला जायचंय, आणि... नाही जायचंय. कारण त्याला एक मुलगी आवडते. खूप. म्हणजे... खूपच. संपलं."

मग तिचा आवाज, अगदी वर्गातला:

"लेखकाने आता गप्प बसायचं. सुरुवात चांगली आहे. 'खूप' दोनदा आलंय, एक काढता येईल..." ती थांबली. "नको. राहू दे. नायक फार उशिरा बोलतो. वाचक ऑगस्टपासून वाट बघतोय. आणि त्याला जायचं नाही, हे खोटं आहे. त्याला जायचंय. नायिकेलाही तो जायलाच हवाय. तिला फक्त... तो परत कुठे येणार, ते शेवटी लिहिलेलं हवंय."

तो बोलायला गेला असणार. "गप्प," ती म्हणाली, पण आवाज ओला होता.

मग तिनेच विचारलं, "लेखकाचा प्रश्न?"

मला वाटलं, तो विचारेल, तुलाही आवडतो का. पण हा मुलगा वर्षभरात खरं बघायला शिकला होता.

"तुझ्या आईंचं ते 'बरं'," तो म्हणाला. "अजून तेवढंच आहे का गं?"

ओसरीत द्रोण सरकल्याचा आवाज आला.

"ही करवंदं आईने स्वतः काढलीत. म्हणाली, त्या लिवनाऱ्याला दे. आणि सांग, हैद्राबादला जायच्या आदी जेवून जा म्हनावं. तुजा बा बी असनार हाये."

"टपरीवर?"

"मीही तेच विचारलं," राजेश्वरी म्हणाली. "तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, टपरीवर येनारा-जानारा कुनी बी खातो. त्येला घरात घेऊन ये."