कडेचं प्यादं

नवार्द जिना चढून वर आली ती भांडायच्या तयारीनेच. छत्री घरी राहिली होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि बुद्धिबळगृहाच्या वाचनालयातला एकुलता एक संगणक कुणीतरी उघडून टेबलभर पसरून ठेवला होता.

"हे काय करून ठेवलंय?" ती म्हणाली.

"साफसफाई," टेबलाखालून आवाज आला. "आत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघाली. मूठभर! तुम्ही इथे विचार करता की चरता?"

"मी बिया खात नाही."

तो खालून बाहेर आला. उंच, किडकिडीत, नाकावर धुळीचा डाग. तिच्याकडे बघितलं आणि हसायचं की नाही हे त्याचं ठरेना.

"तुम्ही नवार्द ना? आठवं टेबल. डाव सोडून उठलात आणि कोटही विसरून गेलात."

नवार्दचे कान तापले. साऱ्या येरेवानला तेवढंच आठवत होतं की काय?

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथेच बसलो होतो. स्पर्धेचे सगळे डाव मीच संगणकात भरले. झिरायर माझं नाव. कोट मीच खाली ठेवायला दिला होता."

आभार मानायचे होते, पण तिच्या तोंडून निघालं, "संगणक कधी चालू होणार?"

ती तशी उद्धट नव्हती. पण दोन आठवडे तिला झोप नव्हती. शेवटच्या फेरीत अर्धा गुण मिळाला असता तर तिबिलिसीला जाणाऱ्या संघात तिची जागा पक्की होती. दोघींकडे एकेक हत्ती, समोरचीची चार प्यादी, हिची तीन. हिने डाव सोडला. आणि तेव्हापासून या बुद्धिबळगृहातली आठ वर्षांची पोरंसुद्धा तिला ऐकवत होती... हत्तींचा डाव कुणी सोडतं का, ताई? तो तर बरोबरीतच सुटतो!

तिचे गुरू ह्मायाक, ज्यांना सगळे वार्पेत म्हणजे उस्ताद म्हणत, त्यांनी एवढंच केलं, की तिला एक वाट ठेवली. म्हणाले, "संगणकातलं बुद्धिबळाचं इंजिन बरोबरी म्हणेल, म्हणून काय झालं? इंजिनला घाम फुटत नाही. तुझी तीन प्यादी घेऊन इंजिनविरुद्ध बस. माझ्या डोळ्यांसमोर पाच वेळा डाव वाचव. मग मी म्हणेन की तू हातातली बरोबरी घाबरून टाकलीस, आणि घाबरणं मला घालवता येतं. राखीव पाचवी जागा तुझी. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे."

हे सगळं तिने झिरायरला का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही. बाहेर पाऊस थांबत नव्हता, म्हणून असेल.

"या खटाऱ्यावर नको," तो म्हणाला. "माझं यंत्र पिशवीत आहे. चौपट वेगाचं आहे. मांडा तुमचा डाव."

तिने सोंगट्या मांडल्या. वेळ संपत आल्यामुळे शेवटच्या आठ-नऊ खेळी तिने कागदावर लिहिल्याच नव्हत्या, नुसत्या रेघा ओढल्या होत्या. पण आठवण पक्की होती. राजा, हत्ती, तीन प्यादी. कडेचं प्यादं तिने दोन घरं पुढे ठेवलं.

झिरायरचा हात माऊसवर थबकला.

"हे... इथेच होतं? नक्की?"

"डाव माझा आहे की तुमचा?"

"तुमचाच," तो हळूच म्हणाला, आणि तसंच भरून टाकलं.

इंजिनने अर्ध्या मिनिटात आकडा दाखवला. शून्य. म्हणजे बरोबरी. नवार्दने टाळीच वाजवली. झिरायर मात्र खिडकीबाहेर बघत होता.

*

मग रोज दुपारी चारला ती दोघं तिथे बसू लागली. पडद्यावर शून्य, आणि समोर बसून नवार्द हरत होती. पहिल्या दिवशी चारदा, दुसऱ्या दिवशी सहादा.

"शून्य म्हणतं आणि मारतं," ती चिडली. "हे कसलं शून्य?"

"एकच वाट बरोबरीची आहे, असं सांगतंय ते. बाकी सगळीकडे खड्डे."

"मग तसं सांग म्हणावं!"

"सांगितलं असतं. पण तू दर वेळी त्याच्याकडे अशी बघतेस, की बिचारं घाबरतं."

"आपण 'तू' कधीपासून झालो?"

"चौथ्यांदा हरलीस तेव्हापासून. तुझं लक्ष नव्हतं."

ती हसली, आणि हत्ती चुकीच्या घरात गेला. पुन्हा हरली.

तो येताना कागदात गुंडाळलेले सुके जर्दाळू आणायचा. ती थर्मासमधून कॉफी आणायची. एका कपात दोघांनी प्यायची वेळ आली ती दुसरा कप फुटल्यामुळे, आणि तो कप नक्की कुणी फोडला यावर दोन दिवस वाद चालला. तो शेजारी बसला की तिला त्याच्या ओल्या लोकरी स्वेटरचा वास यायचा, आणि हत्ती मागून ठेवायचा की बाजूने, हे साधं गणितसुद्धा सुचायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिचा हात बसू लागला. एकदा डाव वाचला. मग दोनदा. आणि इथेच तिचा गोंधळ सुरू झाला... कारण ती हरली की झिरायर खुशीत असायचा, समजावायचा, चिडवायचा. आणि तिने बरोबरी केली, की तो कोमेजायचा.

"वाचवला!" ती ओरडायची.

"हं. छान."

"हं काय? घसा बसलाय का?"

"नाही... छानच झालं."

याला मी जायला नको आहे की काय? तिबिलिसीला आठ तर दिवस! की याला वाटतं, जागा मिळाली की ही मला ओळखणार नाही? की हे सगळं मीच मनात रचतेय, आणि याला नुसती भूक लागलेली असते? रात्री अंथरुणावर पडून ती दोन्हीकडच्या खेळी करून बघायची. हत्तींचे डाव त्यापेक्षा सोपे होते.

वार्पेतसमोर बसायच्या आदल्या दिवशी तिने सलग पाच डाव वाचवले. पाचव्यानंतर तिने नकळत त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. पण दुसऱ्या हाताने पडद्यावरचं कडेचं प्यादं उचललं आणि एक घर मागे ठेवलं.

"काय करतोस?"

"नवार्द... ते इथे होतं."

इंजिनचा आकडा हलला. शून्याचा एक झाला, दोन झाला, चढतच गेला. हरलेला डाव. सरळ, स्वच्छ हरलेला.

"समोरच्या मुलीने शेवटपर्यंत सगळं लिहिलं होतं," तो म्हणाला. "तिच्या कागदावरून मीच तो डाव भरला. तू प्यादं दुसऱ्यांदा पुढे ढकललंच नव्हतंस."

ती बघत राहिली. या बुद्धिबळगृहात प्रत्येक पोराला आठव्या वर्षी शिकवतात... तीन प्याद्यांनी बचाव करायचा तर कडेचं आधी दोन घरं पुढे. जे खेळायला हवं होतं तेच तिच्या हाताने इथे पहिल्या दिवशी मांडलं होतं. खेळली होती ते नव्हे.

"आणि तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"तीन आठवडे?"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एका मिनिटात संपलं असतं. 'धन्यवाद' म्हणून तू जिना उतरून गेली असतीस."

"मग आज तरी कशाला सांगितलंस?"

"उद्या तुला ती जागा मिळाली असती. माझ्या गप्प बसण्यामुळे. मग तुझ्याकडे बघायचं कसं?"

नवार्द उठली. त्याला मारावं असं तिला वाटलं. जागा गेली म्हणून रडावंसं वाटलं. आपण भित्रेपणाने डाव सोडला नव्हता, डाव खरंच गेलेला होता, म्हणून हायसंही वाटलं. आणि या सगळ्याच्या तळाशी, लाज वाटावी असा एक आनंद... एवढ्यासाठी हा तीन आठवडे बसला? राग कुणाचा, कशाचा, काही धड हाताला लागेना.

"तू ना..." ती म्हणाली. ती थर्मास तिथेच टाकून निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी वार्पेत खुर्ची ओढून बसले. झिरायर पडद्याशी उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नवार्दनेच प्यादं एक घर मागे ठेवलं.

"वार्पेत, हे इथे होतं. मी चुकीचं मांडलं होतं."

म्हाताऱ्याने चष्मा लावला. आकडा चढत गेला. ते पडद्याकडे वाकले.

"गेलेलाच होता की."

"हो, वार्पेत."

"मग सोडलास ते बरोबर केलंस. पण जागेला आता कारण उरलं नाही. ती यादीत तुझ्यामागे असलेल्या लुसिनेला जाईल."

"हो, वार्पेत."

म्हातारा झिरायरकडे वळला. "काय रे, डाव तूच भरला होतास ना? मग तुला हे कधी कळलं?"

"आधीपासून माहीत होतं."

"आणि रोज चारला इथे येत होतास?"

झिरायरने मान खाली घातली. वार्पेतनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "देवा रे," ते पुटपुटले, "आणि मला वाटत होतं, पोरांना हत्तींचे डाव आवडायला लागले." आणि काठी घेऊन उठून गेले.

पायऱ्यांवर पाऊस भुरभुरत होता. चिनाराची पानं ओली होऊन दगडाला चिकटली होती. झिरायर तिच्यापासून एक पायरी खाली उभा राहिला, म्हणजे दोघांची डोकी एका पातळीवर आली.

"माझ्यामुळे गेली जागा," तो म्हणाला.

"प्याद्यामुळे गेली. तुझ्यामुळे मी तीन आठवडे वेडी झाले, ते वेगळं."

"राग गेला?"

"माहीत नाही. अर्धा असेल."

"मी तुझ्यावर... म्हणजे मला तू..." तो अडखळला. "हे सांगायला मला इंजिन नाही मिळत."

"बरं झालं. त्याचं मत एक प्यादं हललं की बदलतं."

तो हसला. तिने त्याच्या भुवईवरचा थेंब बोटाने पुसला, आणि आपण हे केलं म्हणून स्वतःच दचकली.

"उद्या चारला काय करायचं?" त्याने विचारलं. "आता तर डावच नाही."

"उद्या घरी ये. मी रोज उशीर कुणामुळे करते, ते आईला बघायचंय. पण रिकाम्या हाताने ये हं! आमच्या चाळीत पोरगा कोन्याक ब्रँडीची बाटली घेऊन आला, की अख्खं अंगण समजतं, मुलीला मागणी घालायला आलाय."

"आणि मी बाटली आणली तर?"

नवार्द वळली. दोन पायऱ्या उतरली, थांबली. पाठमोरीच म्हणाली,

"आई दार उघडते तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. तू काय घेऊन आलास, ते मला आतून दिसत नाही."