दगडावरच्या चपला

त्या दुपारी मी पुळणीवर उतरलो ते फक्त थर्मास द्यायला. लाटा चांगल्या आहेत असं कळलं की माझ्या लेकीला, किटेरियाला, रबरी पोशाख आणि लाटांवर स्वार व्हायची फळी एवढंच आठवतं. गरम सूप स्वयंपाकघरात तसंच राहिलं होतं. तिची आई असती तर ओरडली असती. मी नुसता पायऱ्या उतरलो.

लिस्बनच्या दक्षिणेला आमचा किनारा सगळा उघडा, वाऱ्याने झोडपलेला. ही एकच पुळण कड्यांच्या कुशीत आहे. तिन्ही बाजूंना काळा कातळ आणि समोर अटलांटिक. वारा डोक्यावरून निघून जातो, लाटा मात्र ओळीने आत येतात. म्हणून तर पोरं इथे फळ्या घेऊन येतात. वर जायला कातळात खोदलेली एकच वाट आहे, आणि भरतीला तिच्या खालच्या पायऱ्या पाण्यात जातात.

पायऱ्यांच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. पाण्यात जाणारा आपल्या चपला त्यावर काढतो आणि परतताना आपल्याच उचलतो. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही. दगडावर चपला दिसत असताना शेवटच्याने वर जायचं नाही. समुद्राकडे तोंड करून हाक मारायची, आणि आत असेल त्याने ओ द्यायची. या फळीवाल्या पोरांतला दिनिश बुडाला तेव्हापासूनची ही रीत. त्या दिवशी धुकं होतं. सगळे वर निघून गेले आणि त्याच्या चपलांकडे कुणी पाहिलंच नाही. त्या वर गेलेल्यांत किटेरियाही होती.

कडेच्या खडकांवर म्हातारा एवारिस्तो शिंपले खरवडत होता.

"आनिबाल, लेक घोडी झाली, अजून दुधाची बाटली घेऊन मागे फिरतोस?"

"सूप आहे, काका."

"मग इकडे आण. तिचं पोट समुद्राने भरतं."

आम्ही हसलो. तेवढ्यात धुकं आलं. आमच्याकडे ते पाण्यावरून सरपटत येतं आणि कड्यांत अडकून बसतं. लाटांचा आवाज एकदम कापडात गुंडाळल्यासारखा झाला. कुजक्या शेवाळाचा वास दाटला. पोरं एकेक करून बाहेर आली, आपापल्या चपला पायांत सरकवून वर गेली.

"किटेरिया कुठाय रे?"

"येतेय मागून, काका. तिचा लाटेशी घटस्फोट होत नाही अजून!"

दगडावर दोन जोड उरले. एक तिच्या निळ्या रबरी चपलांचा. दुसरा चामड्याच्या सँडलचा, पुरुषाच्या, जुन्या धाटणीच्या. समुद्रावर असले सँडल कोण घालून येतं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

किटेरिया धुक्यातून बाहेर आली. थर्मासकडे तिने पाहिलंही नाही.

"तो आला का, बाबा?"

"कोण तो?"

"माझ्या शेजारी होता इतका वेळ. फळीवर पालथा पडलेला, तोंड पलीकडे करून. मी म्हटलं, चला आता. तर तू हो पुढे म्हणाला." तिची नजर दगडावर गेली. "ते बघ, त्याचेच असणार."

ती पाण्याकडे वळली आणि तिने हाक मारली, "अहो... बाहेर या!"

"आलो..."

आवाज जवळचा होता. आम्ही वाट पाहिली. कुणी आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली.

"आलो..."

तेवढ्याच अंतरावरून, त्याच सुरात. ती हाक मारत राहिली, तो ओ देत राहिला, आणि भरतीचं पाणी पहिल्या पायरीला चाटून गेलं.

एवारिस्तो पोतं खांद्यावर टाकून आला. त्याची थट्टा आता ओसरली होती.

"पोरी, वर चल."

"सँडल दिसत नाहीत का, काका?"

"दिसतायत. म्हणूनच म्हणतो."

"एकदा गेलेय मी वर. पुन्हा नाही जाणार." तिने फळी उचलली. "दमला असेल तो. मी आणते त्याला."

एवारिस्तो माझ्या कानाशी आला. "नीट बघ, आनिबाल... धुक्याने दगड ओला झालाय, माझी दाढी ओली झालीये... ते सँडल कोरडे आहेत."

ती घोटाभर पाण्यात शिरली होती. मी पुढे झालो आणि ते सँडल उचलले. आतून ते गरम होते, आत्ताच कुणी पायांतून काढल्यासारखे.

"बाबा! खाली ठेव ते!"

"आता दगडावर कुणाचं काही नाही," मी ओरडलो. "आत कुणी नाही. चल!"

तिचा दंड धरून मी ओढलं. एवारिस्तोने मागून ढकललं. फळी तिथेच राहिली. गुडघाभर पाण्यातून आम्ही पायऱ्या गाठल्या आणि वर पोचलो. वरच्या दगडी गडग्यावर मी सँडल ठेवले.

एवारिस्तो किटेरियाच्या पायांकडे पाहत होता.

"तुझ्या चपला?"

ती अनवाणी होती. आम्ही तिघांनीही खाली पाहिलं. खाली नुसतं पांढरं होतं.

मग त्या पांढऱ्यातून आवाज आला. या वेळी तो ओ देत नव्हता.

"किटेरिया..."

तिने ओठ उघडले. मी तिच्या तोंडावर हात दाबला आणि घरी पोचेपर्यंत काढला नाही.

सकाळी ओहोटीला मी खाली गेलो. दगड रिकामा होता. तिच्या चपला आणि फळी भरतीने नेली असणार. गडग्यावरचे सँडलही नव्हते. आसपासच्या कुठल्याच गावात कुणी बेपत्ता नव्हतं. किटेरियाने पुन्हा फळी विकत घेतली नाही, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

काल संध्याकाळी पुन्हा धुकं आलं. आमचं घर गावाच्या आतल्या बाजूला आहे, तिथे समुद्राचा आवाज पोचत नाही. खिडक्याही लावलेल्या होत्या. जेवण झाल्यावर किटेरिया संत्रं सोलत होती.

"आले," ती मान वर न करता म्हणाली.

थोड्या वेळाने तिने अर्धवट सोललेलं संत्रं बशीत ठेवलं आणि दाराकडे तोंड करून वैतागली.

"आले म्हटलं ना, बाबा! किती हाका मारतोस?"

मी तिच्या समोरच बसलो होतो.